वाचकांचे प्रश्न : स्लिंटचा ‘स्पायडरलँड’ ऐकावा कसा?

प्रश्न (डोंबिवली) : मित्राच्या आग्रहाखातर स्लिंट या अमेरिकी बँडचा ‘स्पायडरलँड’ हा अल्बम लोकलमध्ये हेडफोनवर ऐकला. गाणारा काय पुटपुटतो ते कळतच नाही. आवाज वाढवावा तर पुढच्या मिनिटाला कानठळ्या बसतात. रेकॉर्डिंगच खराब आहे का?

उत्तर : रेकॉर्डिंग उत्तम आहे. जागा चुकली. या अल्बमचं सगळं बळ हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतरात आहे, आणि लोकलच्या खडखडाटात त्यातला हळू भाग आधी गडप होतो. ‘डॉन, अमन’ हे तिसरं गाणंच घ्या. त्यात ड्रम नाहीतच. दोन गिटारी आणि कुजबुजीच्या पट्टीतलं बोलणं, तेही बँडचा ड्रमर ब्रिट वॉलफर्डचं. साडेसहा मिनिटांच्या या गाण्याचा बराचसा भाग गाडीत ऐकू येणारच नाही.

शब्द गिटारींच्या खाली दबलेले वाटतात तेही मुद्दाम. बँडचा गायक ब्रायन मॅकमॅहन बहुतेक ठिकाणी गात नाही, गोष्ट सांगितल्यासारखा बोलतो. पहिल्या गाण्यात जत्रेतली ज्योतिषीण आणि रोलर कोस्टरची फेरी आहे, शेवटच्यात फुटलेल्या जहाजाचा कप्तान दारात उभा आहे. पहिल्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवून वाचलेत तरी बिघडत नाही. उलट दुसऱ्या खेपेला कान आपोआप योग्य जागी थांबतो.

आता आवाजाचं. बहुतेक जण सुरुवातीच्या हळू गिटारीवर आवाज लावतात, तिथेच गडबड होते. आधी ‘ब्रेडक्रम्ब ट्रेल’ या पहिल्या गाण्यातला पहिला जोरकस भाग शोधा, तो कानाला सोसेल इतका लावा, मग एक घर खाली आणा आणि गाणं पहिल्यापासून सुरू करा. ते एक घर शेवटच्या गाण्यासाठी राखून ठेवायचं, कारण ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’चा शेवट त्याहून चढा आहे. (आवाज जुळवायला तोच शेवट आधी वाजवू नका. साडेसात मिनिटांच्या त्या गाण्यात वाट पाहूनच तो ऐकायचा असतो.)

फोनमधली ‘साउंड एन्हान्समेंट’ आणि बास बूस्ट बंद करा. बास फुगला की बोलण्याचे शब्द बुडतात. स्पॉटिफायवर व्हॉल्यूम लेव्हल ‘लाउड’वर असेल तर ‘नॉर्मल’ करा, कारण ‘लाउड’मध्ये लिमिटर लागतो आणि उंच टोकं दाबली जातात. शफलही नको. अल्बम क्रमाने वाजला तर सगळ्या गाण्यांना एकच पातळी लागते, शफलमध्ये प्रत्येक गाणं वेगळं समतल होतं आणि एका गाण्यापासून दुसऱ्यापर्यंतचा चढउतार जातो. क्रॉसफेडही (एक गाणं संपता संपता पुढचं सुरू करणारी सोय) शून्यावर ठेवा. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी सुमारे अर्धा मिनिट नुसता फीडबॅक, म्हणजे गिटारीची घोंघावणारी शीळ आहे, त्यावर पुढचं गाणं चढता कामा नये.

प्रश्न (कोल्हापूर) : हा अल्बम एवढा थोर असेल तर त्याचं नाव इतक्या उशिरा का कळलं? रॉकच्या नेहमीच्या याद्यांत तर निर्वाणा, पर्ल जॅम हेच दिसतात.

उत्तर : कारण अल्बम दुकानात आला तेव्हा बँडच शिल्लक नव्हता. ही केंटकी राज्यातल्या लुइव्हिल गावची पोरं, विशीच्या आसपासची : मॅकमॅहन आणि डेव्हिड पॅजो गिटारवर, टॉड ब्रॅशर बेसवर, वॉलफर्ड ड्रमवर. ऑगस्ट 1990मध्ये शिकागोत ब्रायन पॉलसन या ध्वनिमुद्रकाकडे त्यांनी चार दिवसांत सगळं उरकलं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत बँड मोडला. मार्च 1991मध्ये टच अँड गो या शिकागोच्या छोट्या कंपनीने अल्बम काढला, पण तो वाजवत गावोगाव फिरायला कोणी नव्हतं. मुखपृष्ठावर खाणीतल्या पाण्यातून वर आलेली चार डोकी आहेत आणि पुढच्या बाजूला बँडचं नाव शोधून सापडत नाही. विक्रीसाठी याहून गैरसोयीचं काय असणार? त्याच सप्टेंबरात निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि अमेरिकी गिटारीकडे वळलेलं सगळं लक्ष तिकडे गेलं.

दाद मात्र पहिल्या दिवसापासून मिळाली, फक्त ती वादकांकडून. त्यांचा आधीचा अल्बम ‘ट्वीझ’ ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात ‘स्पायडरलँड’चं परीक्षण लिहिलं आणि दहापैकी दहा तारे देऊन टाकले. 1995मध्ये ‘किड्स’ या चित्रपटाच्या साउंडट्रॅकमध्ये ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’ आलं आणि नवे कान मिळाले. 2005मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, 2007मध्ये तर त्यांनी हाच अल्बम सलग वाजवत दौरा केला. म्हणजे वादकांत त्याची कीर्ती आहे. साध्या श्रोत्यापर्यंत तो अजून पुरता पोचलेला नाही, आणि ‘पोस्ट-रॉकचा पाया’ असली भारदस्त लेबलं त्याला आणखी लांब नेतात असं आमचं मत आहे.

प्रश्न (मिरज) : मी तबला शिकते. पहिली दोन गाणी ऐकताना ठेका धरायला जाते आणि दर वेळी घसरते. मात्रा किती आहेत?

उत्तर : घसरण्याचं कारण सोपं आहे. रॉक म्हटलं की कान चारचं आवर्तन गृहीत धरतो, आणि ‘ब्रेडक्रम्ब ट्रेल’चा हळू भाग सातचा आहे. तुम्ही आठवी मात्रा मनाने भरता, तोवर गिटार पुन्हा पहिल्या मात्रेवर गेलेली असते. सात मात्रांचा रूपक ताल तुमच्या हातात असेलच. ‘ती ती ना, धी ना, धी ना’ मनात म्हणत गिटारीच्या पहिल्या सुराला सुरुवात करा. दोन-तीन आवर्तनांत आवर्तन कुठे वळतं ते सापडेल. एक सावधगिरी : रूपकाचे 3-2-2 हे विभाग रिफमध्ये (गिटारीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात) शोधू नका, आणि समेवरच्या खालीचा हलकेपणाही तिथे नाही. बोल केवळ सात मोजायचं साधन म्हणून वापरा. जोरकस भाग आला की हीच मोजणी पुढे रेटू नका. तिथे चाल बदलते. ड्रम ऐका आणि हळू भाग परतला की नव्याने सम पकडा.

दुसरं गाणं ‘नोस्फेराटू मॅन’ अधिक अवघड, आणि तबला येणाऱ्याला अधिक गमतीचं. कडव्याचं आवर्तन पाचचं आहे. झपतालाचा पूर्वार्ध ‘धी ना, धी धी ना’ त्यावर बसवून पाहा. मग ध्रुवपदात आवर्तन सहाचं होतं. ही वाढलेली एक मात्राच सगळ्यांना पाडते, कारण पाचच्या सवयीने आपण एक मात्रा आधीच समेवर येतो. उपाय असा की ध्रुवपदाच्या तोंडाशी मोजणं सोडायचं, झांजांच्या पहिल्या दणक्याला ‘एक’ म्हणायचं आणि तिथून दादऱ्यासारखं सहा धरायचं. तीनदा ऐकून जमलं नाही तर वेग 75 टक्क्यांवर आणून ऐका. सूर न उतरवता वेग कमी करणारी अ‍ॅप फुकट मिळतात.

वॉलफर्डच्या ड्रमकडे तुम्ही खास लक्ष द्या. मात्रा विषम असूनही तो कुठे मोजतोय असं वाटत नाही, आणि हळू भागात तो कितीतरी जागा रिकाम्या सोडतो. ब्रीडर्स या बँडच्या ‘पॉड’ या 1990च्या अल्बमवरचे ड्रमही त्याचेच, टोपणनावाने वाजवलेले.

प्रश्न (नाशिक) : जुन्या सीडीवर म्हणे छापलंय की हे ध्वनिमुद्रण रेकॉर्डवरच ऐकायचं आहे. मग रेकॉर्ड घ्यावी की स्ट्रीमिंग पुरे?

उत्तर : छापलंय हे खरं. पण त्यामुळे रेकॉर्ड घ्यायलाच हवी असं नाही. रेकॉर्डचा खरा फायदा मधल्या थांब्याचा आहे. पहिल्या बाजूला तीन गाणी, साधारण 18 मिनिटं. दुसऱ्या बाजूला तीन, साडेएकवीस मिनिटांच्या आसपास. ‘डॉन, अमन’ संपल्यावर उठून तबकडी उलटावी लागते आणि मग ‘वॉशर’ सुरू होतं. स्ट्रीमिंगवर तिसऱ्या गाण्यानंतर पॉज दाबलात तरी हे साधतं.

तोटा कोणी सांगत नाही तो असा. रेकॉर्डची खाच आत सरकते तसा पिनेखालून जाणाऱ्या खाचेचा वेग घटतो; 33⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेर सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर, तर लेबलाजवळ जेमतेम 21. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबला जातो आणि विकृती वाढते. या अल्बमचा सगळ्यात चढा क्षण, ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’चा शेवटचा आकांत, नेमका दुसऱ्या बाजूच्या अगदी आतल्या खाचांत आहे. तिथे आवाज फाटत असेल तर तबकडीला दोष देण्याआधी टर्नटेबल तपासा. पिनेवरची धूळ काढा. कार्ट्रिज (पिन धरणारा भाग) प्रोट्रॅक्टर या मापपट्टीवर ठेवून तिच्या दोन्ही बिंदूंवर सरळ करा. पिनेचं खाचेवरचं वजन डोळ्यांनी न लावता छोट्या डिजिटल काट्यावर मोजा : ऑडिओ-टेक्निका व्हीएम 95 ई या कार्ट्रिजला 2 ग्रॅम, इतरांना त्यांच्या कागदावर असेल तेवढं. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड वाचते ही समजूत उलटी आहे. हलकी पिन खाचेत उडते आणि भिंती खरवडते.

नवी प्रत घेणार असाल तर 2014मध्ये ध्वनितंत्रज्ञ बॉब वेस्टनने केलेलं रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणाची नवी सफाई) बिनदिक्कत घ्या. त्याने आवाज फुगवून सपाट केलेला नाही, हळू भाग हळूच ठेवलेत. पहिल्या छपाईसाठी संग्राहक मागतील ती किंमत मोजण्यात अर्थ नाही.

प्रश्न (पुणे) : ‘ब्रेडक्रम्ब ट्रेल’च्या सुरुवातीचे घंटेसारखे सूर गिटारवर काढायचा प्रयत्न करतोय. सूर थड्ड वाजतात, आणि पुढे डिस्टॉर्शन लावलं की आवाज वाढण्याऐवजी बसतो.

उत्तर : ते नॅचरल हार्मोनिक आहेत, म्हणजे तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारे सूर. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवं, नेहमीसारखं मागे नाही, आणि तार दाबायची नाही, फक्त टेकवायची. छेडताक्षणी बोट उचला. राहिलं तर सूर थड्डच येणार. 12व्या फ्रेटवर आधी जमवा, मग 7व्या आणि 5व्यावर. 5व्याकडे जाल तशी जागा अरुंद होते आणि दोन-तीन मिलिमीटरची चूकही चालत नाही. छेडा ब्रिजजवळ, पिकअपही ब्रिजचा. तारा जुन्या असतील तर सगळं बरोबर करूनही घंटा वाजणार नाही, संच बदला.

आवाज बसतो त्याचं कारण पेडलच्या लेव्हल नॉबमध्ये आहे. गेन वाढवला की टोकं चेपली जातात, म्हणून पेडलची लेव्हल साध्या आवाजाहून स्पष्टपणे वर हवी. बँडच्या आवाजातच ती जुळवा. घरी हळू आवाजात जुळवलेली तालमीत कमी पडते. पेडलच्या साखळीत कंप्रेसर (हळू-मोठ्यातलं अंतर कमी करणारं पेडल) असेल तर काढून टाका. दोन गिटारी असतील तर दोघांनी एकाच ठोक्याला पाय द्यायला हवा. एक जण अर्धा ठोका मागे राहिला तरी उडी फसते, तेव्हा हे संक्रमण पेडलसकट वेगळं घोटा.

प्रश्न (पणजी) : हा आवडला. पुढे काय?

उत्तर : आधी स्लिंटचंच 1994चं दोन गाण्यांचं ईपी (अल्बमहून छोटी रेकॉर्ड). मग लुइव्हिलच्याच रोडन या बँडचा ‘रस्टी’, तोही 1994चा, अधिक आक्रमक. मॅकमॅहनचा हळुवारपणा हवा असेल तर त्याचा पुढचा बँड द फॉर कार्नेशन. पॅजो हवा असेल तर टॉर्टॉइज या बँडचा 1996चा ‘मिलियन्स नाऊ लिव्हिंग विल नेव्हर डाय’. ‘ट्वीझ’ शेवटी ठेवा. तो आधी ऐकून बरेच जण स्लिंटला रामराम ठोकतात.