पुस्तकांची विचारपूस : गाइडबुक जुनं चालेल का?

प्रश्न : ताई, ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं इस्तंबूलला जातोय. दुकानात चार गाइडबुकं चाळली, चारही सारखीच वाटली. मेहुण्याकडे २०१८ चं एक आहे. तेच न्यावं का? आणि एखादी ऐतिहासिक कादंबरी वाचायची तर जाण्याआधी की आल्यावर?

उत्तर : मेहुण्यांचं पुस्तक जरूर न्या, पण त्याच्या भरवशावर दिवस ठरवू नका. ही चूक मी करून बसले आहे. २०२२ मध्ये मी तिथे गेले तेव्हा पिशवीत अशीच उसनी आणलेली, सात वर्षं जुनी आवृत्ती होती. तिच्यात लिहिलेलं : हागिया सोफिया संग्रहालय, सोमवारी बंद. म्हणून सोमवार टाळून मी शुक्रवार धरला आणि ऐन दुपारी दाराशी पोचले. आत जुम्म्याची नमाज चालू होती, पर्यटकांना प्रवेश नव्हता. मूळची चर्च, मग मशीद आणि १९३५ पासून संग्रहालय असलेली ती वास्तू जुलै २०२० मध्ये पुन्हा मशीद झाली होती, आणि माझ्या पुस्तकाला ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

मग बाहेर बसून तेच पुस्तक वाचत राहिले. ५३७ मध्ये वास्तू पुरी झाली, जेमतेम वीस वर्षांनी, ५५८ मध्ये, भूकंपांनी खिळखिळा झालेला घुमट कोसळला, आणि दुसऱ्यांदा बांधताना तो आधीपेक्षा उंच घेतला. उंच का, तर वरचा भार भिंतींना बाहेर ढकलण्याऐवजी जास्त सरळ खाली यावा म्हणून. हे त्या लेखकाने इतकं नीट समजावलं होतं, की नमाजेनंतर आत गेल्यावर मी कितीतरी वेळ नुसती मान वर करून उभी होते.

तेव्हा गाइडबुकात एक नासका माल असतो आणि एक टिकाऊ. वेळा, तिकिटं, येण्याजाण्याचे मार्ग नासतात. तुमच्या मेहुण्यांचं पुस्तक तुम्हाला अतातुर्क विमानतळावर उतरवेल, पण तिथली प्रवासी वाहतूक एप्रिल २०१९ मध्येच नव्या विमानतळावर गेली. असा मजकूर नव्या आवृत्तीतून घ्या आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासा.

नवं निवडताना चारही पुस्तकांत एकच पान उघडा, हागिया सोफियाचंच. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना वेगळं तिकीट काढून वरच्या सज्जात सोडतात. हे ज्यात नाही ते पुस्तक मुखपृष्ठावर काहीही लिहिलेलं असो, मनाने जुनंच आहे. मग बघा, दक्षिणेकडच्या सज्जातल्या डेईसिस मोझेकबद्दल, म्हणजे येशू, मेरी आणि बाप्तिस्मा देणारा योहान यांच्या रंगीत तुकड्यांच्या भित्तिचित्राबद्दल, ते काय सांगतं. नुसतं ‘अप्रतिम’ म्हणून पुढे गेलं असेल तर ठेवून द्या. कुठे उभं राहायचं, कोणाचा चेहरा आधी पाहायचा, खालचा भाग कसा नष्ट झालाय हे सांगत असेल तर तेच घ्या. फोटोंना भुलू नका. फोटोत दिसणारं तुम्ही प्रत्यक्ष पाहणारच आहात.

कादंबरी मात्र आधी वाचा, आणि प्रवासाच्या महिनाभर आधी संपवा, म्हणजे ती अंगात मुरते. तुर्की कादंबरीकार ओरहान पामुक यांची ‘माय नेम इज रेड’ घ्या. १५९१ चा हिवाळा, सुलतानाच्या चित्रकारांपैकी एकाचा खून, आणि गोष्ट सांगणारे कोण, तर प्रेत, कुत्रा, झाड, नाणं, खुद्द लाल रंग. सुरुवातीची पन्नासेक पानं जड जातील, पण सोडू नका. त्यातला उस्ताद उस्मान खरोखरचा दरबारी चित्रकार होता. तोपकापी या सुलतानांच्या राजवाड्याच्या खजिन्यात तो जुनी चित्रं धुंडाळत बसतो, ते प्रकरण मी दोनदा वाचलं. पुढे त्या राजवाड्याच्या अंगणात उभी असताना आजूबाजूला हिऱ्यांच्या गोष्टी चालल्या होत्या आणि मी त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा विचार करत होते. शेवट सांगत नाही.

प्रश्न : कादंबरीतलं खरं किती, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं?

उत्तर : कथानक कोणत्या सालात घडतं आणि पुस्तक कोणत्या साली लिहिलं गेलं, हे दोन आकडे पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. व्हिक्टर ह्यूगोची नोत्र दाम कॅथेड्रलवरची कादंबरी १८३१ मध्ये आली, पण ती घडते १४८२ मध्ये. ती वाचून माणसं पॅरिसला जातात आणि वरच्या कठड्यावरचे दगडी राक्षस बघून म्हणतात, हेच ते! पण ते राक्षस १८४० च्या दशकात सुरू झालेल्या जीर्णोद्धारात बसवले, म्हणजे ह्यूगोने लिहिलं तेव्हा ते नव्हतेच. हा जीर्णोद्धार व्हायला त्या कादंबरीने पेटवलेलं लोकमतही कारणीभूत होतं. शेवटी लेखकाची टीप असेल तर तीही वाचा. आपण काय बदललं ते मोकळेपणाने सांगणाऱ्या लेखकावर माझा जास्त विश्वास बसतो.

प्रश्न : कपाटातली जुनी गाइडबुकं रद्दीत घालू का?

उत्तर : नका घालू. पॉसेनिअस नावाच्या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीसमधल्या प्रेक्षणीय स्थळांचं वर्णन दहा भागांत लिहून ठेवलं. मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरातल्या राजांच्या कबरी तटाच्या आत आहेत, हे त्याच्याकडून वाचून श्लीमन या जर्मन उत्खननकाराने १८७६ मध्ये तटाच्या आत खणलं, आणि तिथे सोन्याचे मुखवटे सापडले.