गलाईवाल्याची लेक आणि लाल सोनं

कोइमतूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मूळ गाव विटा, कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान. मुलगी गावी आजीजवळ राहून बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘सोन्याचांदीचे बारीक कण आणि प्रकाश वापरून फळावरचं औषध ओळखायचं संशोधन करायचं म्हणते. यात पोट भरेल का? का बी.एड. करून लग्नाचं बघावं?’

दादा, लेकीचं हे काम तुमच्या भट्टीपासून फार लांबचं नाही. तुम्ही अम्लराजात, त्या जहाल आम्लांच्या मिश्रणात, सोनं विरघळवता. प्रयोगशाळेत त्याच सोन्याच्या क्षाराचं पाणी उकळायला ठेवून त्यात सोडियम सायट्रेट घालतात. द्रावण आधी काळपट पडतं, मग हळूहळू माणकासारखं लाल होतं. ते सोनंच, पण कण दहा-वीस नॅनोमीटरचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. त्यावर प्रकाश पडला की आतले इलेक्ट्रॉन एका लयीत हेलकावतात आणि दोन कणांमधल्या फटीत प्रकाशाचा जोर कैक पटींनी वाढतो.

हा वाढलेला जोर कुठं कामाला येतो, ते बघा. रेणूवर आदळून विखुरलेल्या प्रकाशातल्या अगदी थोड्या भागाचा रंग बदलतो, आणि तो बदल प्रत्येक रेणूचा वेगळा. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली हे दाखवलं. हा बदल म्हणजे त्या रेणूची खूणच, पण ती फार पुसट असते. १९७४ मध्ये इंग्लंडात खरबरीत केलेल्या चांदीवर ती ठळक दिसली. चांदीच ती लाखो पटींनी वाढवते, हे १९७७ मध्ये उमगलं. १९९७ मध्ये तर एकट्या रेणूची खूण टिपली गेली. फळाच्या सालीवरचं थायरमसारखं बुरशीनाशक असं पकडता येतं. तासगावच्या द्राक्षवाल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण निर्यातीच्या द्राक्षांचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे उरलेल्या औषधाचा अहवाल, अजून मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या मोठ्या यंत्रांवरच निघतो. कारण या कणांवर एका ठिकाणी खूण जोरात येते, शेजारी मंद. हा फरक कमी करणं हेच पुढचं काम आहे, आणि त्याला चिवट माणसं लागतात. सांगली जिल्ह्यात याची नोकरी लगेच मिळेल, असं मी सांगणार नाही.

‘नॅनो’ नाव बघून कोर्स घेऊ नका. एम.एस्सी. केमिस्ट्रीतच करू द्या. आयआयटीसारख्या संस्थेत करायची तर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा. फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात. शिवाजी विद्यापीठ घराजवळ आहेच. पुढं ‘नेट’ ही देशपातळीवरची परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. पीएच.डी.ला पाचेक वर्षं जातील, ती मोजूनच हो म्हणा. बी.एड. नंतरही करता येतं. लग्नाचं तिला विचारून ठरवा, या वर्षाच्या घाईत नको.

सुट्टीत घरी याल तेव्हा तिला एक विचारा: त्या लाल पाण्यात मीठ टाकलं की ते निळं का होतं? ती कागद ओढून कण काढून दाखवायला लागली, तर जॅमचा फॉर्म त्याच दिवशी भरा.