वाचकांचे प्रश्न : रोज हिरवा, तरी वर्षाला नापास

मोबाइलवर कोल्हापूरचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) मला बरेच दिवस शंभरच्या आतच दिसतो. मग शहर 'नॉन-अटेनमेंट', म्हणजे हवेचं मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत कसं? खोटं कोण बोलतंय?
– एक वाचक, कोल्हापूर

कोणीच नाही. मोजपट्ट्याच दोन आहेत. एक्यूआय त्या-त्या दिवसापुरता असतो. पीएम १० म्हणजे धुळीचे बारीक कण. त्यांची २४ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपर्यंत असली, की शेरा 'समाधानकारक'. यादी ठरते ती वार्षिक सरासरीवर, आणि २००९च्या राष्ट्रीय मानकांत ही मर्यादा आहे ६०.

समजा, वर्षभर रोज नेमके ८० मायक्रोग्रॅम भरले आणि बाकीचे प्रदूषक त्याहून खाली राहिले. एक्यूआय रोज ८०, पट्टी फिकट हिरवी, दैनिक मर्यादा एकदाही ओलांडलेली नाही. तरी वर्षअखेरीस शहर नापास!

किती नापास, तेही काढता येतं. वार्षिक सरासरीला मानकाने भागायचं : ८० भागिले ६०, म्हणजे १.३३. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत भागाकार १.५च्या वर गेला तर 'क्रिटिकल', १ ते १.५ 'हाय', ०.५ ते १ 'मॉडरेट' आणि त्याखाली 'लो'. आपलं काल्पनिक शहर 'हाय'मध्ये बसलं.

एखादं वर्ष बिघडलं म्हणून लगेच शिक्का बसत नाही. पीएम १० किंवा नायट्रोजन डायऑक्साइड सलग ५ वर्षं वार्षिक मर्यादेच्या वर राहिलं, तर शहर यादीत जातं. जानेवारी २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आता १३० शहरं आहेत, त्यांतली १९ महाराष्ट्रातली. या कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १०वरच जोखली जाते, हे आम्हाला खटकतं. फुप्फुसात खोलवर जातात ते त्याहून बारीक, पीएम २.५चे कण.

कॉलेजच्या गच्चीवर रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर (हवा ओढून तिच्यातली धूळ फिल्टरवर गोळा करणारं यंत्र) आहे. आमचे आकडे जवळच्या केंद्रापेक्षा कधी बरेच कमी, कधी जास्त येतात. काय चुकत असावं?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

आधी हवेचा हिशेब तपासा. फिल्टर धुळीने भरत जातो तसा प्रवाह घटतो. सुरुवातीला मिनिटाला १.२ घनमीटर आणि ८ तासांनी १.० असेल, तर सरासरी १.१ धरायची. १.१ गुणिले ४८० मिनिटं, म्हणजे ५२८ घनमीटर. फिल्टरचं वजन २.७४१२ ग्रॅमवरून २.७८७४ झालं असेल, तर धूळ ४६,२०० मायक्रोग्रॅम, भागाकार ८७.५. फक्त सुरुवातीचा १.२ घेऊन भागलंत तर उत्तर ८०.२ येतं. हवा काडीचीही न सुधारता सात मायक्रोग्रॅम गायब.

जास्त आकड्याचं कारण बहुधा दमटपणा. कोऱ्या आणि भरलेल्या, दोन्ही फिल्टरना वजनापूर्वी २४ तास एकाच तापमानात आणि आर्द्रतेत ठेवायला हवं. फिल्टरने अवघं ५ मिलिग्रॅम पाणी धरलं तरी उत्तर साडेनऊने फुगतं. फिल्टर चिमट्यानेच उचला. काढताना कडेचा तंतू सॅम्पलरला चिकटून राहिला, तर वजन उलट घटतं. आणि एका फिल्टरचा आकडा म्हणजे दिवस नव्हे : ८-८ तासांचे तीन फिल्टर मिळून २४ तास होतात.

वार्षिक सरासरीसाठी रोज मोजावं लागतं का?
– एक वाचक, जालना

नाही. एका ठिकाणी आठवड्यातून दोनदा, वर्षाला किमान १०४ दिवस, आणि तेही सारख्या अंतराने. खरी मेख 'सारख्या अंतराने' यातच आहे. डिसेंबर-जानेवारीत यंत्र बंद पडलं आणि पावसाळ्यातले नमुने तेवढे पूर्ण भरले, तर सरासरी आपोआप गोंडस दिसते. म्हणून अहवालात सरासरीच्या आधी महिनावार नमुन्यांची संख्या बघा.

मुलगी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला असते. तो भाग ओझोनसाठी 'एक्स्ट्रीम' आहे म्हणे. म्हणजे तिथे रोजच श्वास घेणं धोक्याचं?
– एक वाचक, पुणे

तसा अर्थ नाही. तिथे प्रत्येक दिवसाची ८ तासांची कमाल सरासरी काढतात, वर्षातला चौथा सर्वांत मोठा आकडा घेतात आणि अशा ३ वर्षांची सरासरी ०.०७० पीपीएमशी (हवेच्या दहा लाख भागांत ओझोनचे किती भाग, त्या मापाशी) ताडतात. मर्यादा किती ओलांडली यावरून मार्जिनल, मॉडरेट, सीरियस, सिव्हिअर, एक्स्ट्रीम अशा पायऱ्या ठरतात. मार्जिनलला सुधारायला ३ वर्षं, एक्स्ट्रीमला २०. पण मुदत वाढते तशा कारखान्यांवरच्या अटीही कडक होतात. रोजचं फिरणं ठरवायला तिने तिथला त्या दिवसाचा एक्यूआय बघावा. ओझोन उन्हाने तयार होतो. उन्हाळ्यात धावायला जायचंच तर दुपार टाळून सकाळी जावं.