सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर आलंय पण एसजीपीटी नॉर्मल आहे, मग आजार आहे की नाही? पुढे कुठली टेस्ट करायची?

आहे. एसजीपीटी (रक्तात मोजतात ते लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मल असूनही फॅटी लिव्हर असतं, भरपूर लोकांचं असतं, त्यामुळे त्या एका आकड्यावर निर्धास्त राहू नका प्लीज. माझंही असंच सापडलं, पित्ताशयात खडे आहेत का बघायला गेलो, खडे नव्हतेच, पण डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं की लिव्हर आणि उजवी किडनी शेजारी शेजारी दिसतात, दोन्हींचा रंग साधारण सारखा करडा हवा, माझं लिव्हर मात्र पांढुरकं चमकत होतं. ती चमक म्हणजे चरबी. (चरबी थोडीच असेल तर सोनोग्राफीत कधीकधी दिसतही नाही.)

आता खरा मुद्दा, जो मला कुणी आधी सांगितला नव्हता. ग्रेड 1, 2, 3 हे फक्त चरबी किती ते सांगतं. लिव्हर कडक व्हायला लागलंय का, म्हणजे फायब्रोसिस, ते वेगळं मोजावं लागतं, एफ0 ते एफ4, आणि एफ4 म्हणजे सिरॉसिस, सगळ्यात जास्त कडक झालेलं लिव्हर. धोका ठरतो तो यावरून.

त्यासाठी आधी फिब-4 काढा, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टवरून फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, फुकटात निघतो. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम), त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. माझं वय 48, एसजीओटी 40, एसजीपीटी 49, प्लेटलेट 2 लाख (सूत्रात 200 घ्यायचे), उत्तर आलं 1.37. 1.3 च्या खाली असेल तर जास्त फायब्रोसिसची शक्यता कमी, पासष्टीच्या पुढे ही रेषा 2 धरतात. माझा जरासा वर म्हणून फायब्रोस्कॅन केला, त्यात लिव्हर किती कडक आहे ते बाहेरूनच मोजतात. उजवा हात डोक्यामागे घेऊन झोपायचं, बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवून टिचकी मारल्यासारखं वाटतं, तसं दहाएक वेळा, दुखत बिखत नाही. माझं रीडिंग 6.1 केपीए (कडकपणा मोजायचं एकक) आलं, 8 च्या खाली असल्याने डॉक्टर म्हणाले वजन आणि शुगर सांभाळा, नंतर परत बघू. बायोप्सी, म्हणजे लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणं, फक्त शंका उरली तरच.

हेपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासून घ्या, आणि दारू, स्टेरॉइड किंवा दुसरी कुठली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना लपवू नका, कारण त्यानेही लिव्हर असंच दिसतं. फायब्रोस्कॅनला निदान 3 तास उपाशी जा, खाऊन गेलं की रीडिंग उगाच जास्त येतं.