लिनक्स सर्व्हरवर मोठी फाईल कॉपी करताना सगळं गोठतं. डर्टी रेशो २० वरून ८० केला तर फरक पडेल का?

पडेल. डर्टी रेशो म्हणजे रॅममध्ये साचलेला पण डिस्कवर अजून न उतरलेला ('डर्टी') डेटा मेमरीच्या किती टक्क्यांवर गेला की लिहिणाऱ्यांना थांबवायचं, ती मर्यादा. ती वाढवली की गोठणं उशिरा सुरू होईल आणि सुरू झालं की जास्त वेळ टिकेल.

हा ८० चा आकडा दिसला की माझं डोकं उठतं. आमच्याकडे एक सिनियर होते, रॅम रिकामी दिसली की त्यांना चैन पडत नसे. डेटाबेसचं मशीन, ६४ जीबी रॅम. डेटा एसएसडीवर, पण ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसच्या बदलांची नोंदवही) आणि बॅकअप एकाच फिरत्या डिस्कवर (हाही त्यांचाच निर्णय). त्यांनी डर्टी रेशो ८० आणि बॅकग्राउंड रेशो (ज्या टक्क्याला कर्नल मागच्या मागे डिस्कवर उतरवायला लागतो) ५० करून ठेवला. दिवसभर सगळं सुसाट. रात्री बॅकअप लागला की साध्या कमिटलाही, म्हणजे डेटाबेसमधला एखादा बदल पक्का करायलाही, मिनिट-मिनिट लागायचं.

मी मेमइन्फोमधली (कर्नलचा मेमरीचा हिशोब) 'डर्टी' ओळ बघत बसलो. आकडा चढत चढत ३० जीबीकडे गेला, मग 'राइटबॅक' (डिस्कवर उतरत असलेला डेटा) फुगलं आणि लिहिणारी प्रत्येक प्रोसेस डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्कची वाट बघत अडकलेली. लोड आभाळाला, सीपीयू निवांत. कमिटचा एफसिंक (डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबणारा कॉल) त्याच डिस्कच्या रांगेत मागे ताटकळत उभा. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, "डिस्क स्लो आहे, दुसरी मागव." अहो, स्लो आहे म्हणूनच तर तिच्या डोक्यावर ३० जीबीची उधारी नको!

ते रजेवर गेले तेव्हा मी टक्के काढून थेट बाइट्स टाकले: डर्टी बॅकग्राउंड बाइट्स ६७१०८८६४, डर्टी बाइट्स २६८४३५४५६. म्हणजे ६४ एमबीला फ्लशर (डिस्कवर उतरवणारा कर्नलचा थ्रेड) कामाला लागणार आणि २५६ एमबीच्या वर काही साचणार नाही. बॅकअप थोडा लांबला, कमिट अडकायचे थांबले. परत आल्यावर त्यांना दिसलं काय, तर बॅकअप लांबला.

तुमचा २० सुद्धा जास्तच आहे. हे टक्के उपलब्ध मेमरीचे असतात, एकूण रॅमचे नाही. तरी ६४ जीबीच्या मशीनवर १२ जीबीपर्यंत जातात. सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्या डिस्कला तेवढं उपसायला दोन मिनिटं लागतात. बाइट्स सेट केले की रेशो शून्य दिसतो, घाबरू नका. ३० सेकंदांचा एक्स्पायर (डर्टी डेटा किती जुना झाला की उतरवायचा) आणि ५ सेकंदांचा राइटबॅक इंटरव्हल (फ्लशरने दर किती वेळाने उठायचं) आहे तसाच राहू द्या.

हां, तुमचा डेटाबेस डायरेक्ट आयओ वापरत असेल तर त्याचं लिखाण पेज कॅशमधून (कर्नलने रॅममध्ये ठेवलेल्या फायलींच्या डेटातून) जातच नाही, त्याला या मर्यादा लागू नाहीत. आणि तात्पुरत्या फायली लिहून लगेच पुसणारं काम असेल, तर मोठी मर्यादा खरंच फायद्याची, डिस्कपर्यंत जायची वेळच येत नाही. पण वीज गेली तर न उतरलेलं सगळं गेलं, हे धरून चाला.

कोणी "रॅम वाया जातेय" म्हणालंच, तर सांगा की मर्यादा फक्त न लिहिलेल्या पानांवर आहे, वाचनाच्या कॅशला तिचा धक्का लागत नाही. हे मी साहेबांना मेलवर लिहून दिलं होतं. उत्तर अजून यायचंय.