आईंच्या हर्नियाची शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न : आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. माझ्या आईचे वय ६८ आहे. गेली चार वर्षे तिचे हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर टिकत नाही. लोहाच्या गोळ्या चालू असल्या की थोडे वाढते, बंद केल्या की पुन्हा उतरते. जेवल्यावर दम लागतो आणि चार घासांतच पोट भरते. नुकत्याच झालेल्या दुर्बीण तपासणीत आणि सीटी स्कॅनमध्ये मोठा हायटस हर्निया निघाला. जवळजवळ निम्मे जठर छातीत गेले आहे. एका डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, दुसरे म्हणाले की या वयात नको, पित्ताच्या गोळ्या पुरेत. छातीत जळजळ तर तिला फारशी नाहीच. मग शस्त्रक्रिया कशासाठी?
– एक वाचक

उत्तर : जळजळ नाही म्हणजे आजार सौम्य, हा समज लहान हर्नियाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा असला, तरी आपल्या आईंच्या हर्नियाला तो लागू पडत नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो व त्यातल्या एका फटीतून अन्ननलिका खाली उतरते. ही फट रुंदावली की जठर वर सरकते. निम्मे जठर छातीत गेलेले असेल, तर जेवणानंतर ते तिथेच फुगते आणि फुप्फुसावर व हृदयावर दाब देते. जेवल्यावर दम लागणे आणि चार घासांत पोट भरणे, या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा हेच आहे.

हिमोग्लोबिनविषयी मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण अशा रुग्णांना ‘तुम्ही नीट जेवत नाही’ असे वर्षानुवर्षे ऐकावे लागते आणि खरे कारण बाजूला राहते. जठर जिथे श्वासपटलाच्या कडेत आवळले जाते, तिथे प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या आतल्या आवरणावर घर्षण होते आणि रेघांसारख्या उथळ जखमा पडतात. त्यांना कॅमेरॉन व्रण म्हणतात. त्यांतून रक्त इतके हळू झिरपते की शौचाचा रंगही बदलत नाही, पण शरीरातले लोह मात्र संपत जाते. तरीही या वयात सगळा दोष हर्नियावर टाकू नये. मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी. तिथला कर्करोगही असाच, रक्त कमी करत, लपून राहतो.

एके काळी मोठा हर्निया दिसला की शस्त्रक्रिया करावी, असाच दंडक होता. ज्यांना काहीच त्रास नाही अशांना तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येण्याचे प्रमाण वर्षाला साधारण एक टक्का आहे, असे लक्षात आल्यावर तो मागे पडला, आणि त्रास नसलेल्या वृद्धांवर आता केवळ लक्ष ठेवले तरी चालते. आपल्या आई मात्र त्या गटात बसत नाहीत. गोळ्यांनी आम्ल कमी होईल, व्रणही काहीसे भरतील, पण जठर खाली येणार नाही. म्हणून हृदय व फुप्फुसे भूल सोसण्याजोगी असतील, तर शस्त्रक्रिया करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ ६८ हा आकडा आड येऊ नये. त्याआधी हिमोग्लोबिन वाढवून घ्यावे. गोळ्या पुरत नसतील तर शिरेतून लोह देता येते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन, पोटावर चार-पाच छोटी छिद्रे पाडून, दुर्बिणीतून होते. जठर खाली ओढून घेणे एवढेच तिचे स्वरूप नसते. छातीत तयार झालेली हर्नियाची पिशवी सोडवावी लागते, अन्ननलिकेचा दोन-तीन सेंटिमीटर भाग ताण न पडता पोटात राहील इतकी ती मोकळी करावी लागते आणि रुंदावलेली फट तिच्या मागच्या बाजूने टाके घालून लहान करावी लागते. शेवटी आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळतात. शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी १९५५ साली बासेल येथे प्रथम केलेला वेढा पूर्ण असतो. तुपे पद्धतीचा साधारण तीन-चतुर्थांश. अन्ननलिकेचा अन्न पुढे ढकलण्याचा जोर कमी असेल, तर पूर्ण वेढ्याने घास अडकतो. तो जोर मॅनोमेट्री या तपासणीने कळतो. ती करणार आहात का, हे शल्यविशारदांना अवश्य विचारावे. फटीला आधार म्हणून बसवतात त्या कृत्रिम जाळीचा आग्रह मात्र आपण धरू नये. तिच्यामुळे हर्निया पुन्हा होणे कायमचे टळते असे सिद्ध झालेले नाही आणि क्वचित ती अन्ननलिकेत रुततेही. मोठ्या हर्नियात काही वर्षांनी जठराचा थोडा भाग पुन्हा वर सरकलेला अनेकदा आढळतो, पण पुन्हा शस्त्रक्रिया लागणारे रुग्ण त्यामानाने थोडे असतात.

नंतरचे चार ते सहा आठवडे सूज असल्याने गिळताना अडखळते. आधी पातळ पदार्थ, मग मऊ वरण-भात, खिचडी असे चढत जावे. ब्रेड, सुकी भाकरी आणि इंदुरी माणसाला सोडवत नाहीत असे शेव घातलेले पोहे या काळात टाळावेत. ढेकर सहज येत नाही, म्हणून सोडा असलेली पेये वर्ज्य. जड वस्तू उचलू नये. शस्त्रक्रियेनंतर लगेच उलट्या होऊ लागल्या तर टाके तुटू शकतात; मळमळ वाटताच सांगण्यास आईंना बजावून ठेवावे.

निर्णय होईपर्यंत एक गोष्ट घरातल्या सर्वांना ठाऊक हवी. पोटाच्या वरच्या भागात एकाएकी तीव्र कळ येऊन कोरड्या ओकाऱ्या होत असतील आणि बाहेर काही पडत नसेल, तर जठराला पीळ बसलेला असू शकतो. अशा वेळी ओवा-हिंग देत सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे.

प्रश्न : वय ४१. दुकान बंद करून रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत खातो आणि बाराला झोपतो. दुर्बिणीत ‘छोटा स्लायडिंग हर्निया’ निघाला. मेहुण्यांच्या जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. माझीही करावी लागेल का?
– एक वाचक

उत्तर : नाही. नाव एक असले तरी हे दोन आजार वेगळे आहेत. हायटस हर्नियांपैकी सुमारे ९५ टक्के आपल्यासारखेच सरकते असतात आणि बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, वजन जास्त असल्यास उतरवावे आणि पलंगाच्या डोक्याकडचे पाय विटा लावून सहा-आठ इंच उंच करावेत. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते. पित्ताची गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यावी. एवढे करूनही अन्न घशाशी येत राहिले आणि २४ तासांच्या आम्ल-तपासणीत दोष सिद्ध झाला, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा.