रात्री अकराचं ‘छोटंसं करेक्शन’

“क्लायंटचा मेसेज वाजला की छातीत धडधडतं. उघडायच्या आधीच राग येतो आणि तो घरच्यांवर निघतो. मी या कामाला लायकच नाही का?”

प्रश्न समुपदेशनासाठी आलेल्या, घरून काम करणाऱ्या एका ग्राफिक डिझायनरचा. वय तिशीच्या आसपास. फ्लेक्स, पॅकेजिंग, सोशल मीडियाच्या पोस्ट अशी कामं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्याच्या तक्रारी या पेशातल्या कुणालाही तोंडपाठ असतील. छपाईसाठी पुसट लोगो येतो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवरून. मजकूर तुकड्यातुकड्यांनी, अर्धा व्हॉइस नोटमध्ये. “अजून उठाव पाहिजे.” मंजुरी मिळाल्यावर क्लायंटच्या मेहुण्याला रंग आवडत नाही. शेवटी पैसे बाकी ठेवून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या ओपन फाइलची, म्हणजे कुणालाही बदलता येईल अशा मूळ फाइलची मागणी.

त्याला राग आवरायचा उपाय हवा होता. दीर्घ श्वासाने तो क्षण निभावतो, पण दुसऱ्या दिवशी तोच मेसेज पुन्हा येतो. म्हणून आधी चौदा दिवसांची नोंदवही ठेवायची ठरली. रकाने चार: वेळ, मेसेज जसाच्या तसा, मनात उमटलेलं पहिलं वाक्य आणि आपण काय केलं. नोंद दहा मिनिटांच्या आत करायची, कारण रात्री आठवून लिहिलं की सगळेच मेसेज सारखे अपमानास्पद वाटू लागतात.

चौथ्या रकान्याने खरं दुखणं दाखवलं. रात्री दहानंतरच्या जवळजवळ प्रत्येक मेसेजला त्याचं उत्तर होतं, “करतो सर”, तेही पाच मिनिटांत. राग चढत होता तो हे लिहून झाल्यावर. कधीतरी वैतागून तो दोन तास गप्प बसे आणि मग काम करूनच देई. ही धरसोड सर्वांत महाग पडते. अधूनमधून फळ मिळणारी सवय सर्वांत चिवट असते. क्लायंट एवढंच शिकतो की अजून दोनदा फोन लावला की काम होतं.

पुसट लोगोमागे बहुधा अपमान नसतो, अज्ञान असतं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो आकार कमी करून पाठवतं. 1600 पिक्सेल रुंदीचं चित्र 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) छापलं तर जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर भरतं. हे सांगून “डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आधीच्या प्रेसकडून पीडीएफ मागवा” म्हटलं की बरेच जण ऐकतात. ‘लोगो मोठा करा’ म्हणणारा दहा फुटी फ्लेक्स फोनच्या सहा इंचांत पाहत असतो. आपलं नाव कुणी वाचणारच नाही, ही त्याची भीती. फ्लेक्स जिथे लागणार त्या जागेच्या फोटोत डिझाइन बसवून दाखवलं की ती बरीचशी ओसरते. आणि ‘उठाव’ हा शब्द आला की विचारायचं, “रंग, अक्षरं की फोटो, नेमकं काय खटकतंय?”

मेहुण्याचा रंग आणि रात्रीचे मेसेज मात्र समजावून थांबत नाहीत. ते कोटेशनमध्ये लिहावं लागतं: मंजुरी देणारी व्यक्ती एकच, मजकूर पूर्ण आणि युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर-संगणकावर वाचता येईल असा) टाइप केलेला, करेक्शनच्या दोन फेऱ्या धरलेल्या, पन्नास टक्के अ‍ॅडव्हान्स, अंतिम फाइल पूर्ण पैसे आल्यावर, ओपन फाइलची किंमत वेगळी.

पहिला प्रयत्न फसला. त्याने सगळ्या क्लायंटना एकच लांबलचक मेसेज पाठवला, त्यात तीनदा “राग मानू नका”. सर्वांत मोठ्या क्लायंटने फोन करताच त्याने सगळं मागे घेतलं. मग क्लायंटची नावं भीतीच्या क्रमाने लावली, शून्य ते दहा, आणि सुरुवात तीनवाल्यापासून केली. सत्रात प्रत्यक्ष संवादाचा सराव झाला: “बदल उद्या 12 पर्यंत देतो. ही तिसरी फेरी आहे, तिचे 800 रुपये होतील. करू का?” आणि पुढे गप्प. हे गप्प बसणंच त्याला जड गेलं. तीन सेकंदांत तो स्वतःच सूट देऊन मोकळा होई. सहाव्या-सातव्या वेळी जमलं.

रात्री उत्तर देणं थांबवलं की आधी काही दिवस फोन वाढतात, ही कल्पना आधीच हवी. चौथ्या दिवशी फोन उचलला तर क्लायंट चार दिवस चिकाटी धरायला शिकतो.

थकलेल्या बिलावर मनःशांतीचा उपाय नाही. तिथे कायदा आहे. उद्यम ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाला 2006च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी फार तर 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत; उशिरावर व्याज मागता येतं. नोंदणी काम करून देण्याआधीच केलेली बरी.

सर्वांत हळू हलला तिसरा रकाना: “डिझाइन नाकारलं म्हणजे मला नाकारलं.” त्यावर त्याने एक सवय लावून घेतली. डिझाइन पाठवताना प्रत्येक निर्णयाचं कारण एका ओळीत लिहायचं, म्हणजे क्लायंटला त्या कारणाशी वाद घालता येतो. छातीतली धडधड मेसेज नसतानाही येत असेल किंवा झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे जायचं, हेही ठरलं होतं. तशी वेळ आली नाही. तीन महिन्यांत एक क्लायंट सोडून गेला. सर्वांत मोठ्याने तिसऱ्या फेरीचे पैसे दिले, थोडी घासाघीस करून.